पहिल्या चेंडूआधीची अकरा मिनिटं

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की शहापूर-मुरबाडकडची रिकामी खाचरं क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात जातात. ज्याचं शेत त्यातल्या त्यात सपाट आणि रस्त्याला लागून, त्याच्याकडे वर्षभर कुणी ढुंकून पाहिलेलं नसलं तरी डिसेंबरात त्याला पहिला नमस्कार पडतो. बांधाच्या कडेने फक्कीची रेघ ओढली की झाली सीमारेषा. टेनिसचा चेंडू, सहा षटकांचा सामना, मंडप, भोंगा आणि कुणाच्या तरी नावाचा चषक. अलीकडे या यादीत एक तिपाई वाढली आहे. तिच्यावर मोबाईल लावलेला असतो आणि सामना यूट्यूबवर थेट जात असतो. किन्हवली, डोळखांब, शेणवे, टोकावडे, सरळगाव, कुठल्याही अंगाला जा. मैदानावर सावली नसेल, पिण्याच्या पाण्याचा पत्ता नसेल, पण प्रक्षेपण असतं.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 रोजी चढला आणि तो 19 सेकंदांचा होता. त्यात एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहतो, यांची सोंड फार लांब असते एवढं सांगतो आणि संपवतो. आमच्याकडे 19 सेकंदांत माईकवर फुंकर मारूनसुद्धा होत नाही. फुंकरीनंतर 'हॅलो, हॅलो'. मग मंडळातर्फे स्वागत. मग श्रीफळ वाढवणं. मान्यवरांना व्यासपीठावर बोलावणं, न आलेल्या मान्यवरांना पुन्हा बोलावणं, आलेल्यांचा शाल देऊन सत्कार. आणि मग देणगीदार. 'पोलीस पाटलांकडून स्टंपचा एक संच. महिला बचत गटाकडून पंचांचा नाश्ता. कैलासवासी आजोबांच्या स्मरणार्थ नातवंडांकडून मालिकावीराला बूटजोडी. मंडळ त्यांचं शतशः आभारी आहे.' मध्येच, 'पांढऱ्या रंगाची गाडी बॅट्समनच्या डोळ्यांवर येते आहे, गाडीमालकांनी कृपया काढून घ्यावी.' पांढऱ्या गाड्या सात असतात. कुणीच उठत नाही. पहिला चेंडू पडतो तोवर अकरा मिनिटं गेलेली असतात.

माझ्या पुतण्याचं असंच एक चॅनल आहे. हिवाळ्यात क्रिकेट, पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेतला बैलबाजार, उन्हाळ्यात हळदी, पावसाळ्यात माळशेजचे धबधबे. चॅनलवर जाहिराती लागून पैसे यायचे तर यूट्यूबची अट आहे: एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात लोकांनी पाहिलेले 4,000 तास. हजार माणसं त्याने हळदींतच गोळा केली. पंगतीला बसलेल्या पाहुण्याच्या पत्रावळीवर वाढण्याआधी 'दादा, तेवढं सबस्क्राईब' म्हटलं की पाहुणा नाही म्हणत नाही. तासांना मात्र असा आग्रह चालत नाही. 2012 पासून यूट्यूब किती जणांनी बघितलं यापेक्षा किती वेळ बघितलं याला जास्त मानतं, आणि आमची मंडळी चार तासांचं प्रक्षेपण दोन मिनिटांत उरकत होती.

कल्याणच्या कॉलेजातल्या एका मित्राने त्याला उपाय सांगितला. एआय एजंट घ्यायचा, तो चॅनलच्या आकड्यांना जोडायचा, आणि दुखणं काय ते त्यालाच विचारायचं. 'पण आकडे तर मोबाईलवर दिसतात की,' मी म्हणालो. पुतण्या म्हणाला, 'काका, ते आपण बघायचे असतात. हा आपला आपण बघतो.' स्वतःचं कामच दुसऱ्याने बघावं ही इच्छा आमच्या घराण्यात पूर्वीपासून आहे, त्यामुळे मी पुढे काही बोललो नाही.

इथे एक सांगायला हवं. शहापूर आणि मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांना नव्या यंत्राचं अप्रूप नाही. शहापुरातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने डिजिटल शाळा म्हणून नाव कमावलं आणि संदीप गुंड गुरुजींची ती शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक येऊन गेले. मुरबाडमधलं धसई डिसेंबर 2016 मध्ये, नोटाबंदीच्या धामधुमीत, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं आणि किराणा दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली. त्याच वर्षी 8 मार्चला फांगण्यात योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा काढली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून अक्षरं गिरवू लागल्या. तिन्हींत मला मनापासून आवडलेली ती आजीबाईंची शाळा. पाटी हातात आली की पाटीच हातात येते, तिला पासवर्ड लागत नाही.

पासवर्डाचं पुराण पुढे येतंच. आधी एजंट जिच्यातून बसवायचा ती काळी खिडकी. कमांड लाईन म्हणजे चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काळा पडदा आणि एका जागी लुकलुकणारी काडी. जे हवं ते टाईप करून सांगायचं. पुतण्याने एक ओळ लिहिली आणि पडद्यावरून दोन-तीनशे ओळी सरसर वर गेल्या. थोरले काका, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, ओटीवर बसून हे बघत होते. त्यांनी विचारलं, 'बिघडला का रं?' पुतण्या म्हणाला, 'नाही आप्पा, बसतोय.' आप्पा म्हणाले, 'मग एवढा बोंबलतोय कशाला?'

एजंट बसला. आता त्याला यूट्यूबच्या आकड्यांपर्यंत पोचवायचं होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची पद्धत सर्वांसाठी खुली केली. बुद्धी एका ठिकाणी आणि माहिती दुसऱ्या ठिकाणी असली तर दोघांनी बोलायचं कसं, याचे तिने नियम घालून दिले. मधे एक छोटा प्रोग्राम बसवायचा. तो यूट्यूबकडून आकडे मागून आणतो आणि एजंटापुढे ठेवतो. या प्रोग्रामचा ठावठिकाणा एका फाईलमध्ये लिहावा लागतो. त्या फाईलमध्ये एक स्वल्पविराम राहिला तर सगळं ठप्प होतं, आणि तो राहतोच. तो एजंटानेच शोधून काढला, वर गैरसोयीबद्दल माफीही मागितली. स्वल्पविराम पुतण्याने खाल्ला होता, माफी एजंटाने मागितली. आप्पा म्हणाले, 'याला एकदा ग्रामसभेला नेऊन बसवा.'

पण आप्पांचं मन जिंकलं ते पुढच्या प्रश्नाने. हा एजंट काहीही करण्याआधी विचारतो. 'ही फाईल वाचू का?' खाली तीन पर्याय: 'होय', 'होय, आणि पुन्हा विचारू नको', 'नाही'. पुतण्याचं बोट दुसऱ्या पर्यायाकडे निघालं आणि आप्पांनी त्याचं मनगट धरलं. 'थांब. सातबाऱ्यावर नाव चढवायला मी आठ वर्षं लोकांच्या परवानग्या मागत फिरलोय. जन्मात पहिल्यांदा कुणी माझी मागतंय, आणि तू त्याला सांगतोस पुन्हा विचारू नको?'

मग आप्पांनी खुर्ची ओढून घेतली आणि रीतसर परवानग्या द्यायला बसले. 'ही कमांड चालवू का?' 'चालव.' 'हा फोल्डर बघू का?' 'बघ, पण हात लावू नको.' एका ठिकाणी ते अडले. 'विचार त्याला, हे कशाला पाहिजे?' पुतण्याने वैतागून 'का?' असं टाईप केलं. एजंटाने शुद्ध मराठीत चार ओळींचं कारण दिलं. आप्पांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. कारण विचारल्यावर कारण मिळतं याचा त्यांना एवढा धक्का बसला की त्यानंतर प्रत्येक परवानगीला ते कारण विचारू लागले. अर्ध्या तासाचं काम दिवेलागणीपर्यंत गेलं.

तेवढ्यात यूट्यूबने कागद मागितले. चॅनलचे आकडे ही खाजगी गोष्ट, ती नुसत्या चावीवर मिळत नाही, मालकाने स्वतः लॉग-इन करून संमती द्यावी लागते. मालक कोण? चॅनलचं जीमेल खातं काढलं त्या दिवशी पुतण्याचं सिम रिचार्जअभावी बंद होतं, म्हणून नंबर दिला होता आत्याचा. आत्या डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर. तिथे रेंज मिळते ती शाळेच्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात. म्हणजे आत्याला ओट्यावर जायला सांगायचं तर आधी आत्या ओट्यावर असायला हवी. शेवटी तिच्या शेजारच्या, वायफाय घेतलेल्या घरी व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला. तिथला पोरगा आत्याला हाक मारायला धावला आणि आत्या पोळ्यांचं पीठ हाताला तसंच ठेवून ओट्यावर उभी राहिली.

ओटीपी आला. आत्याने वाचला, 'एकोणसाठ, अठ्ठ्याहत्तर, त्रेचाळीस.' पुतण्याने लिहिलं, सहा-नऊ. चुकला. दुसरा आला. त्यात एकोणनव्वद होते. पुतण्या सायन्सचा पदवीधर आहे, पण एकोणनव्वद म्हटल्यावर तो नव्वदीत शिरतो. आत्या चौथी शिकलेली. ती तिकडून ओरडली, 'अरे, काय शिकवलं रे तुला कल्याणला?' तिसरा ओटीपी तिने एकेक आकडा सुटा करून, प्रत्येक आकड्यानंतर 'लिहिलंस?' विचारत सांगितला. मग गूगलची सूचना आली, की हे अ‍ॅप आमच्याकडून पडताळलेलं नाही, तरी पुढे जायचं का. आप्पांच्या हुकुमाने गेलो.

ही संमतीही कायमची नसते. अ‍ॅप चाचणीच्या अवस्थेत असेल तर सात दिवसांनी ती संपते आणि सगळा सोपस्कार नव्याने. आप्पांना हे एका क्षणात पटलं. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही सातच दिवसांचा, ते म्हणाले, आणि तोही सातव्या दिवशी आपण नेमके पंढरपुरात असताना संपतो. तेव्हापासून आठवड्यातून एकदा आत्या ओट्यावर जाते. तिला आता सगळा पाडा विचारतो, 'आज आकडा का?' या प्रश्नाचा पंचक्रोशीत वेगळाच अर्थ होत असल्याने तिने पुतण्याकडून खुलासा लिहून मागितला आहे.

आकडे आले. ताजे नव्हेत, दोन दिवसांमागचे, यूट्यूबचा तोच शिरस्ता. ओटीवर जमलेल्यांचा पहिला प्रश्न होता, 'कोण कोण बघत होतं?' एजंटाने नम्रपणे कळवलं, की प्रेक्षकांची नावं मिळत नाहीत. वय, शहर, कुठून आले, किती थांबले एवढंच. मंडळी निराश झाली. नावं नाहीत तर उपयोग काय? तेरा जण शेवटपर्यंत थांबले हे कळतं, पण ते तेरा कोण होते आणि सकाळी त्यातले किती कामावर वेळेत गेले हे कळत नाही, याला आमच्याकडे माहिती म्हणत नाहीत.

शहरांची यादी मात्र बघण्यासारखी होती. कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुंबई. गावातली जी पोरं नोकरीला गेली ती खोलीवर पडल्या पडल्या गावचं मैदान बघतात. आप्पांना यात काही नवीन वाटलं नाही. तानसा 1892 सालचं, मोडकसागर 1957 सालचं, नंतर भातसा. शहापूर तालुक्यातलं पाणी खाली मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. 'पाणी गेलं, पोरं गेली,' ते म्हणाले, 'व्ह्यूज इथे कशाला थांबतील?'

मग एजंटाने सल्ला दिला. सल्ला असा, की प्रेक्षक सुरुवातीलाच मोठ्या प्रमाणावर निघून जातात, सबब पहिल्या अकरा मिनिटांचा औपचारिक भाग काढून टाकावा आणि व्हिडिओची सुरुवात सामन्यातल्या सर्वांत उंच षटकाराने करावी. कुठल्याही शहाण्या माणसाने हेच सांगितलं असतं. मंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्या अकरा मिनिटांत ते चार वेळा दिसतात.

त्यांना वाचवलं ते आलेखाने. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओचे शंभर सारखे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा किती प्रमाणात पाहिला गेला ते देतं. सगळ्यांनी एकदा पाहिला तर एक. निम्म्यांनी पाहिला तर अर्धा. रेघ सुरुवातीला वर असते आणि उतरत जाते, हा जगाचा नियम. आमची रेघ आधी उतरली, मान्यवरांपाशी जवळजवळ तळाला गेली, आणि तिसऱ्या-चौथ्या तुकड्यापाशी उठून एकच्या वर गेली. एजंटाने त्यापुढे लिहिलं होतं, 'ही नोंद अनपेक्षित आहे. विदेत त्रुटी असण्याची शक्यता तपासावी.'

त्रुटी कसली? तिथे देणगीदारांची नावं होती. माणसं तेवढा भाग मागे घेऊन पुन्हा पुन्हा बघत होती, आणि मागे घेऊन पाहिलं की तोच माणूस दोनदा, तीनदा मोजला जातो, म्हणून रेघ एकच्या वर चढते. स्टंप देणाऱ्या पोलीस पाटलांच्या घरी तीन सुना, त्यांच्या तीन माहेरांना लिंक गेलेली. बूटजोडीवाल्या नातवंडांनी आजोबांचं नाव भोंग्यावरून घेतलेलं आजीला ऐकवलं, आजीला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा ऐकवलं. पांढऱ्या गाडीचीसुद्धा एक छोटी टेकडी आलेखावर होती. सातही मालक बघत होते, की कुणाची गाडी म्हणाला.

म्हशाच्या बैलबाजाराच्या व्हिडिओतही तसंच. खिल्लारी जोड्या, पळवून दाखवलेले बैल, शिंगांना लावलेला रंग, सगळीकडे रेघ मरगळलेली. दोन व्यापारी हातावर टॉवेल टाकून बोटांनी भाव ठरवतात, त्या जागी ती टोकाला. टॉवेलखाली काय चाललंय ते कळेना म्हणून लोक मागे घेऊन घेऊन टॉवेलच्या हालचालीवरून किंमत काढत होते. एजंट म्हणाला, या प्रसंगी कॅमेरा अधिक जवळ न्यावा. तो स्वतः जाणार नसल्यामुळे त्याला हे सुचवणं सोपं होतं.

मला विचाराल तर एजंटाची यात काही चूक नाही. त्याला षटकार म्हणजे काय ते माहीत आहे. आमच्या गावाला मात्र षटकार कुणीही मारलेला चालतो, नाव आपलंच लागतं.

ही बातमी बाहेर फुटली. पहिले आले एक इच्छुक, येणाऱ्या प्रत्येक निवडणुकीला ते इच्छुकच असतात. त्यांच्या भाषणात लोक कुठे निघून गेले ते त्यांना हवं होतं. एजंटाने क्षणात सांगितलं, 'वक्त्याने माईक हाती घेतला त्या तुकड्यात.' पुतण्याने ते वाचून दाखवताना 'तिथे रेंज गेली होती, साहेब' असं केलं. खोटं बोलायचं काम अजून माणसाकडेच आहे, तोवर गावातला सलोखा टिकेल.

पुतण्याने पुढचा हुशार विचार केला. यूट्यूबवर व्हिडिओचे भाग पाडून प्रत्येकाला नाव देता येतं, म्हणजे हवा तो भाग एका टिचकीत उघडतो. त्याने देणगीदारवार भाग पाडायचं ठरवलं. पण यूट्यूबचा नियम आहे, एक भाग किमान 10 सेकंदांचा हवा. आमचा निवेदक एक नाव तीन सेकंदांत उरकत असे. आता दहा भरायचे म्हणून तो नावामागे विशेषणं जोडू लागला. 51 रुपये देणारे एक शांत गृहस्थ 'धडाडीचे, कर्तव्यदक्ष, गोरगरिबांचे कैवारी' झाले, कारण त्यांचं नाव आखूड होतं. लांब नावाच्या लोकांनी कुरकुर केली, की आमच्या वाट्याला फक्त 'सन्माननीय'.

देणग्या वाढल्या. वाढल्या म्हणजे, यादी दुप्पट झाली. आधी मंडळाची माणसं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत, आता लोक पावती फाडून झाल्यावर विचारतात, 'माझ्या नावाला रेघ किती गेली?' एकाने मागच्या वर्षीच्या पावतीला आलेखाची छापील प्रत टाचून आणली आणि भावाच्या रेघेपेक्षा आपली खाली का, असा लेखी अर्ज दिला. भावांची आधीच बांधावरून कोर्टात तारीख चालू आहे.

अकरा मिनिटांची एकोणीस झाली. 4,000 तासांचा आकडा मात्र महिन्याभरात निम्म्याच्या पुढे गेला आणि मंडळाने सर्वानुमते एजंटाच्या अभिनंदनाचा ठराव केला. ठरावाची प्रत कुणाला द्यायची यावर चर्चा झाली आणि ती आत्याला देण्यात आली.

गेल्या स्पर्धेनंतर एजंटाने नवा अहवाल दिला. आता तोही इथला झाला आहे. त्याचं निरीक्षण असं, की देणगीदारांचा भाग उत्तम चालतो, पण पहिला चेंडू पडताच प्रेक्षक मोठ्या संख्येने निघून जातात, तरी सामन्याचा भाग आणखी थोडक्यात आवरता येईल का, याचा विचार व्हावा. मंडळाने विचार केला आणि षटकं सहावरून पाचवर आणली. दोन्ही संघांच्या कर्णधारांनी हरकत घेतली. त्यांची नावं यादीत घातल्यावर ती मागे घेतली.